किरकोळ वस्तूंची किंमत : अमेरिकेतील ‘रेडिओ शॅक’ या साखळी दुकानांचा उदय आणि ऱ्हास (१९२१–२०१५)

प्रस्तावना

विद्युत-उपकरणांच्या व्यापाराचा इतिहास लिहिताना मोठ्या वस्तूंना मोठे स्थान मिळणे स्वाभाविक आहे. रेडिओ, दूरचित्रवाणी संच, संगणक, भ्रमणध्वनी या क्रमाने या इतिहासाची प्रकरणे पाडली जातात. दुकानाच्या भिंतीवरील खुंट्यांना टांगलेले सेल, केबल, फ्यूज, प्लग आणि अडॅप्टर यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वस्तुतः दुकानदाराचा नफा बहुधा याच खुंट्यांना टांगलेला असतो. मोठ्या संचावर स्पर्धेमुळे अल्प नफा घ्यावा लागतो आणि त्याची भरपाई संचासोबत लागणाऱ्या लहान वस्तूंवर केली जाते, ही या व्यापारातील जुनी रीत आहे.

ही रीत दुकानाला तारते, तशीच ती दुकान बुडवूही शकते. अमेरिकेतील ‘रेडिओ शॅक’ या साखळी दुकानांचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ज्या चढ्या नफ्याच्या धोरणावर ही संस्था १९६३ नंतर उभी राहिली, त्याच धोरणाने पुढे तिचे ग्राहक दुरावले. धोरण तेच असताना त्याचे परिणाम एवढे भिन्न का झाले, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

बोस्टनमधील आरंभ

‘रेडिओ शॅक’ची स्थापना १९२१ मध्ये बोस्टन शहरात थिओडोर आणि मिल्टन डॉइशमन या बंधूंनी केली. जहाजावर बिनतारी संदेशयंत्रणा ठेवण्याची जी लहानशी खोली असे, तिला ‘रेडिओ शॅक’ म्हणत. त्यावरून दुकानास हे नाव मिळाले. जहाजांवरील संदेशवाहक आणि हौशी रेडिओचालक हे त्याचे पहिले गिऱ्हाईक. १९३९ मध्ये दुकानाची पहिली सूचिपुस्तिका निघाली आणि टपालाने माल पाठविण्याचा व्यवसाय वाढीस लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर संगीतश्रवणाच्या उत्तम यंत्रणांची आवड अमेरिकी मध्यमवर्गात पसरली, तिचाही लाभ दुकानास मिळाला.

तथापि १९६० च्या सुमारास ही संस्था अडचणीत आली होती. हजारो प्रकारच्या वस्तूंचा साठा, उधारीवरील विक्री आणि न वसूल होणारी येणी यांमुळे तिचे भांडवल अडकून पडले. १९६३ मध्ये टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथील चर्मवस्तूंचे व्यापारी चार्ल्स टँडी (१९१८–१९७८) यांनी सुमारे तीन लाख डॉलरना ती विकत घेतली. त्या वेळी तिची अवघी नऊ दुकाने होती.

टँडी यांचे गणित

टँडी यांच्या घराण्याचा व्यवसाय चामड्याचा. बूट दुरुस्त करणाऱ्यांना लागणारे चामडे आणि पुढे हौशी हस्तकारागिरांना लागणारे चामड्याचे तुकडे, सुया, दोरे, हत्यारे असा माल ते विकत. हौशी माणूस किलोच्या भावाने माल घेत नाही. हातातले काम पुरे करण्यासाठी लागणारी नेमकी वस्तू, नेमक्या वेळी, जवळच्या दुकानात मिळाली तर तो तिची किंमत फारशी खळखळ न करता देतो, हा धडा टँडी यांनी चामड्याच्या धंद्यात गिरविला होता. तोच त्यांनी रेडिओच्या सुट्या भागांना लागू केला.

त्यांनी केलेला पहिला बदल साठ्याच्या बाबतीत होता. हजारो प्रकारच्या वस्तूंपैकी झपाट्याने खपणाऱ्या सुमारे अडीच हजार वस्तूच ठेवण्यात आल्या. उधारी आटोक्यात आणली गेली. मोठ्या भांडारांऐवजी वस्तीच्या जवळ लहान लहान दुकाने उघडण्यात आली आणि जाहिरातीवर सढळ हस्ते खर्च होऊ लागला. दुसऱ्याच्या छापाचा माल विकण्यापेक्षा स्वतःच्या छापाचा माल विकण्यावर भर देण्यात आला. यामागील हेतू स्पष्ट होता. ग्राहकाला तोच माल अन्य दुकानात मिळत नसेल तर किमतीची तुलना करता येत नाही. अमेरिकेत वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापण्याचा भारतासारखा दंडक नसल्यामुळे विक्रेत्याला किंमत ठरविण्याची मोकळीक मोठी असते. स्वतःच्या छापामुळे ती आणखी वाढली. दुकानाच्या व्यवस्थापकाला नफ्यात हिस्सा मिळे, त्यामुळे चढा नफा राखण्यात त्याचाही स्वार्थ होता.

या व्यवस्थेत ढोबळ नफ्याचे प्रमाण असाधारण होते. अगदी २००४ च्या सुमारासही ‘रेडिओ शॅक’च्या शंभर डॉलरच्या विक्रीमागे मालाची खरेदी-किंमत वजा जाता निम्म्याच्या जवळपास रक्कम हाती राहत असे. दूरचित्रवाणी संच आणि संगणक विकणाऱ्या मोठ्या भांडारांना याच्या निम्मे प्रमाणही राखणे कठीण जात होते. १९७० च्या दशकात नागरी संदेशवहनाच्या ‘सीबी’ रेडिओची लाट आली आणि तिच्यासोबत दुकानांची संख्या हजारोंच्या घरात गेली. १९७७ च्या ऑगस्टमध्ये ‘टीआरएस-८०’ हा तयार जुळणीचा घरगुती संगणक ५९९.९५ डॉलरना बाजारात आणून या संस्थेने संगणकाच्या इतिहासातही आपले नाव नोंदविले. टँडी यांचे निधन त्याच्या पुढच्याच वर्षी झाले. संगणकाची ही कथा बहुश्रुत असल्याने तिचा विस्तार येथे अप्रस्तुत ठरेल.

सेलचे कार्ड आणि पत्त्यांची वही

टँडी-काळातील एक प्रथा मात्र तपशिलाने पाहण्याजोगी आहे. ‘रेडिओ शॅक’ आपल्या ग्राहकांना एक पुठ्ठ्याचे लहानसे कार्ड देई. ते दाखविल्यास दर महिन्याला दुकानाच्या छापाचा एक सेल फुकट मिळे. महिना संपला की तेवढ्यासाठी पुन्हा दुकानात फेरी होई. लहान मुलांना या कार्डाचे विशेष अप्रूप होते. एक सेल देऊन दुकानाचे फारसे काही जात नसे. परंतु एका सेलवर बहुतेक विजेऱ्या चालत नाहीत, त्यामुळे उरलेले विकत घ्यावे लागत. शिवाय सेल घेण्यास आलेला मुलगा सुट्या भागांच्या भिंतीसमोर घटकाभर रेंगाळे. कालांतराने तोच मुलगा अभियंता होऊन आपल्या मुलाला घेऊन तेथे येई. काही दुकानांत रेडिओचे व्हॉल्व्ह तपासण्याचे यंत्रही ठेवलेले असे आणि ग्राहक ते विनामूल्य वापरी.

हे औदार्य अर्थातच हिशेबी होते. पण त्यातून एक अलिखित करार निर्माण झाला. दुकानात दोन-चार रेझिस्टरच्या पुडीला जी किंमत पडे, तिच्यात टपालाने मागविल्यास त्याच्या कितीतरी पट रेझिस्टर मिळाले असते. मिनेसोटा राज्यात १९७२ मध्ये सुरू झालेली ‘डिजी-की’ ही संस्था नेमका हाच व्यवसाय करीत होती आणि जाणकार ग्राहकांना ते ठाऊक होते. तरीही शनिवारी दुपारी जुळणी अर्ध्यावर अडली असता तो जाणकार ग्राहक ‘रेडिओ शॅक’मध्येच जाई आणि चढी किंमत देई. ही किंमत निकडीची, जवळिकीची आणि दुकानातल्या माणसाच्या ज्ञानाची होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटा भाग शोधत हिंडलेल्यास या किमतीचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. येथे ग्राहक फसविला जात नव्हता. त्याला सर्व माहीत असूनही तो राजी होता.

या कराराला एक खटकणारी बाजूही होती. दोन सेल घेतले तरी काउंटरवरचा विक्रेता ग्राहकाचे नाव आणि पत्ता विचारून पावतीवर लिहून घेई. या पत्त्यांवर जाहिरातपत्रके पाठविली जात. ग्राहकांचा याबद्दलचा त्रागा एवढा वाढला की तो अमेरिकेत थट्टेचा विषय झाला. ही प्रथा अखेर २००२ मध्ये बंद करण्यात आली. फुकट सेलचे कार्ड त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी, १९९० च्या दशकाच्या आरंभीच गेले होते. द्यावयाचे ते आधी थांबले आणि मागावयाचे ते दशकभर चालू राहिले, हा क्रम पुरेसा बोलका आहे.

केबलचे अर्थकारण

सुट्या भागांपेक्षा केबलचा प्रश्न निराळा आहे आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९७० च्या दशकापर्यंत ध्वनिक्षेपकाला जोडावयाची वायर ही स्वतंत्र विक्रीची वस्तू नव्हती. टेबलावरील दिव्याला वापरतात तशी साधी वायर दुकानदार संचासोबत देऊन टाकी. सॅन फ्रान्सिस्को भागातील अभियंता नोएल ली यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘मॉन्स्टर’ या नावाने जाड तांब्याची, आकर्षक वेष्टनातील केबल विकण्यास प्रारंभ केला. लांब अंतरावर बारीक वायरीचा विद्युत-रोध वाढतो आणि आवाजावर परिणाम होतो, हे शास्त्रीय सत्य आहे. त्यामुळे त्यांच्या दाव्यात तथ्यांश होता. तथापि त्यांचे खरे कर्तृत्व केबलपेक्षा विक्रीशास्त्रात होते. संचावर दुकानदाराला मिळणारा नफा तुटपुंजा आहे, केबलवर तो भरघोस मिळू शकेल, हे त्यांनी दुकानदारांना पटविले आणि त्यांच्या विक्रेत्यांना त्याचे रीतसर प्रशिक्षण दिले. संचासोबत किती ग्राहक केबल घेतात याचे प्रमाण काढणे आणि त्यावरून विक्रेत्याचे कसब मोजणे हा या व्यापाराचा नित्यक्रम बनला.

जोडविक्रीची ही रीत पुढच्या दोन दशकांत सर्व मोठ्या दुकानांत रुळली. मुद्रणयंत्र स्वस्तात विकावयाचे आणि ते संगणकाला जोडणारी केबल खोक्यात न देता वेगळी, चढ्या दराने विकावयाची, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. घरी जाऊन खोके उघडल्यावर केबल नसल्याचे ध्यानात आले की ग्राहकाला परत दुकान गाठावे लागे. व्हर्जिनियातील ‘सर्किट सिटी’ आणि मिनेसोटातील ‘बेस्ट बाय’ या दोन्ही साखळ्यांच्या नफ्यात जोडवस्तूंचा आणि वाढीव वॉरंटीचा वाटा मोलाचा होता. ब्रिटनमध्ये विद्युत-उपकरणांवरील वाढीव वॉरंटीच्या व्यवहाराची स्पर्धा आयोगाने चौकशी करून २००३ मध्ये आपला अहवाल दिला आणि त्यानंतर २००५ मध्ये त्यावर निर्बंध आले. लहान वस्तूंच्या किमतीकडे मात्र कोणत्याही शासनाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते; तेथे ग्राहकाला स्वतःच्याच जागरूकतेवर अवलंबून राहावे लागले.

२००२ च्या डिसेंबरमध्ये ‘एचडीएमआय’ या अंकीय जोडणीचे पहिले मानक जाहीर झाले आणि चित्र पालटले. जुन्या जोडणीत केबल निकृष्ट असेल तर चित्र थोडे फिकट, आवाज थोडा खरखरीत होई. म्हणजे ‘थोडे अधिक चांगले’ असे काही विकण्यास वाव होता. अंकीय जोडणीत संकेत पोचला तर पूर्ण पोचतो. न पोचल्यास पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्रच नाहीसे होते. घरातल्या नेहमीच्या दोन-तीन हात अंतरासाठी प्रमाणित स्वस्त केबल आणि सोन्याचा मुलामा दिलेली महाग केबल यांच्या चित्रात डोळ्यांना दिसेल असा भेद उरत नाही. महाग किमतीमागील शास्त्रीय आधार असा निसटला, किंमत मात्र होती तेथेच राहिली; किंबहुना नव्या नावाखाली ती वाढली.

अर्थशास्त्रात या व्यवहाराचे विश्लेषण झाले आहे. झेवियर गॅबे आणि डेव्हिड लेबसन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मुख्य वस्तूची किंमत उघड आणि जोडवस्तूची किंमत झाकलेली असेल तर बाजारात काय घडते याचे प्रतिमान मांडले. त्यांच्या विवेचनाचा एक निष्कर्ष असा की, अशा बाजारात स्पर्धा असूनही ग्राहकाला शहाणे करण्यात कोणत्याच विक्रेत्याला लाभ नसतो. कारण शहाणा झालेला ग्राहक स्वस्त संच येथून घेतो आणि जोडवस्तू दुसरीकडून. हा निष्कर्ष केबलच्या व्यापाराला तंतोतंत लागू पडतो. फक्त एका शक्यतेचा येथे स्वतंत्रपणे विचार करावा लागतो, ती म्हणजे ग्राहकाला शहाणे करणारी शक्ती बाजारातल्या जुन्या दुकानांच्या बाहेरूनच आली तर काय होईल.

अज्ञानाची किंमत

ती शक्ती बाहेरूनच आली. कॅलिफोर्नियात २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘मोनोप्राइस’ने इंटरनेटवरून केबल विकण्यास सुरुवात केली आणि दुकानातील दरांच्या तुलनेत तिचे दर एवढे कमी होते की प्रथम ग्राहकांना मालाच्या दर्जाविषयीच शंका येई. २००९ मध्ये ‘ॲमेझॉन’ने स्वतःच्या छापाची मालिका सुरू केली, तेव्हा तिच्या पहिल्या मालात केबल आणि कोऱ्या डीव्हीडी होत्या. ही निवड योगायोगाची नव्हती. जेथे जुन्या दुकानांचा नफा सर्वांत जाड आणि ग्राहकाची नाराजी सर्वांत तीव्र, तेथेच घाव घालणे सर्वांत सोपे होते. सेलच्या बाबतीत तर इंटरनेटचीही गरज नव्हती. किराणा भांडारे, औषधांची दुकाने, ‘वॉलमार्ट’, ‘कॉस्टको’ अशा सर्व ठिकाणी ते मिळत आणि त्यांचा भाव बहुतेक गृहिणींना तोंडपाठ असे.

किरकोळ व्यापारात काही वस्तूंचा भाव ग्राहकाच्या ध्यानात असतो आणि त्यावरून तो संपूर्ण दुकानाचा अंदाज बांधतो. आपल्याकडे साखर, तेल किंवा शेंगदाण्याच्या भावावरून वाणी महाग की स्वस्त हे ठरते, त्यातलाच हा प्रकार. एखाद्या ग्राहकाने सेलचे पाकीट ‘रेडिओ शॅक’मधून घेतले आणि त्याच आठवड्यात निम्म्या दराने अन्यत्र पाहिले, तर त्याचा रोष सेलपुरता राहत नाही, ज्या वस्तूंचे भाव त्याला ठाऊक नाहीत त्या सर्वांविषयी त्याचा ग्रह दूषित होतो. दोन डॉलरच्या फरकामुळे दोनशे डॉलरची खरेदी हातची जाते, ती अशी. दुकानाच्या हिशेबवहीत सेलवरचा नफा नोंदला जातो, न आलेल्या गिऱ्हाइकाची नोंद मात्र कोठेच होत नाही.

येथे नफ्याइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे. डॅनिएल काह्नमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उत्तरदात्यांपुढे एक प्रसंग ठेवला होता. बर्फ उपसण्याची फावडी पंधरा डॉलरना विकणारा दुकानदार मोठ्या हिमवर्षावानंतरच्या सकाळी तीच वीस डॉलरना विकतो; हे योग्य की अयोग्य? ८२ टक्के लोकांनी ते अयोग्य ठरविले. मागणी वाढली की भाव वाढावा, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातला नियम. पण ग्राहक दुकानदाराशी असलेला संबंध केवळ त्या नियमाने मोजत नाही. अडलेल्याची अडवणूक त्याला लक्षात राहते.

‘रेडिओ शॅक’च्या बाबतीत वर सांगितलेल्या दोन किमतींमधला भेद येथे निर्णायक ठरतो. रेझिस्टरच्या पुडीची किंमत निकडीची होती, ग्राहकाच्या संमतीवर उभी होती. केबल आणि सेलची किंमत ग्राहकाच्या अज्ञानावर उभी होती. इंटरनेटमुळे दुसरी कोसळणे अटळ होते. पहिलीला मात्र त्याचा तेवढा धोका नव्हता, कारण टपालाने येणारा भाग आज दुपारी हाती पडत नाही. शहाणपणाचा मार्ग म्हणजे दुसरी सोडून पहिली जपणे. संस्थेच्या चालकांनी नेमके उलट केले.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दुकानातली मोक्याची जागा भ्रमणध्वनींना मिळाली. दूरध्वनी कंपन्यांशी ग्राहकाचा करार करून दिला की दुकानाला घसघशीत दलाली मिळे. सुट्या भागांची भिंत आक्रसत गेली आणि अखेर दुकानाच्या मागच्या बाजूस काही खणांच्या कपाटांत सामावली. २०११ पर्यंत विक्रीचा निम्म्याहून थोडा अधिक वाटा भ्रमणध्वनींचा झाला होता. विक्रेत्यांना रेझिस्टरचे रंगपट्टे वाचता येण्यापेक्षा कराराचे अर्ज भरता येणे महत्त्वाचे झाले. ‘तुमच्याजवळ प्रश्न आहेत, आमच्याजवळ उत्तरे आहेत’ या आशयाचे घोषवाक्य १९९४ पासून मिरविणाऱ्या दुकानात उत्तरे देणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत गेली. ज्ञान गेले, निवड गेली, फुकटचा सेल तर आधीच गेला होता. भिंतीवर उरल्या त्या केबल, अडॅप्टर आणि सेल, त्यांच्या जुन्या चढ्या किमतींसह.

भूल ध्यानात आली तेव्हा उशीर झाला होता. २०११ मध्ये संस्थेने हौशी कारागिरांना त्यांना दुकानात काय हवे असे जाहीरपणे विचारले आणि ‘अर्डुइनो’सारखी नवी साधने दुकानांत ठेवली. हौशींनी या प्रयत्नाचे स्वागत केले, परंतु त्यांतल्या बहुतेकांना आता माल अन्यत्र कोठे मिळतो हे चांगले ठाऊक झाले होते.

अन्य कारणे

किमतीचे धोरण हेच ऱ्हासाचे एकमेव कारण होते, असे मानणे इतिहासाच्या दृष्टीने भाबडेपणाचे ठरेल. परस्परांच्या जवळ असलेली हजारो दुकाने आणि त्यांची भाडी, नेतृत्वातील वारंवार बदल, दूरध्वनी कंपन्यांच्या अटींवरील परावलंबन ही कारणेही तेवढीच ठोस आहेत. २००६ च्या फेब्रुवारीत शैक्षणिक पात्रतेच्या खोट्या नोंदीवरून मुख्याधिकारी डेव्हिड एडमंडसन यांना पद सोडावे लागले आणि त्याच वर्षी सुमारे चारशे कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवून कामावरून कमी करण्यात आले. २०१३ च्या आर्थिक वर्षात तोटा चाळीस कोटी डॉलरवर पोचला. २०१४ मध्ये अकराशेपर्यंत दुकाने बंद करण्याचा बेत जाहीर झाला, तोही धनकोंनी संमती न दिल्याने तडीस जाऊ शकला नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, केबलवर चढा नफा तर ‘बेस्ट बाय’नेही घेतला आणि तरीही ते टिकले. आक्षेप रास्त आहे. ‘बेस्ट बाय’वरही ग्राहकांचा रोष होता. दुकानातील संगणकावर संस्थेच्या संकेतस्थळासारखेच दिसणारे, पण चढ्या किमती दाखविणारे पान असल्याच्या आरोपावरून कनेक्टिकट राज्याच्या महाअधिवक्त्यांनी २००७ मध्ये या संस्थेविरुद्ध दावा दाखल केला होता. २०१२ मध्ये मुख्याधिकारी झालेल्या ह्युबर्ट जोली यांनी मात्र पुढल्याच वर्षी इंटरनेटवरील प्रमुख विक्रेत्यांच्या किमतीशी बरोबरी करण्याचे धोरण कायम केले. नफ्यावर पाणी सोडावे लागेल ही भीती होतीच; पण त्यामुळे दुकानात वस्तू पाहून घरी जाऊन ती अन्यत्र मागविणारा ग्राहक तेथेच पैसे मोजू लागला. ‘सर्किट सिटी’ने निराळी वाट धरली. अधिक वेतन घेणाऱ्या सुमारे ३,४०० अनुभवी विक्रेत्यांना तिने २००७ मध्ये काढून टाकले. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि २००९ च्या मार्चमध्ये तिचे शेवटचे दुकान बंद झाले. किंमत तीच ठेवून किमतीमागचा माणूस काढून घेतल्यास काय होते, याचा हा जलद झालेला प्रयोग म्हणावा लागेल.

अमेरिकेबाहेरही साम्यस्थळे आढळतात. ब्रिटनमध्ये १९७२ मध्ये टपालविक्रीच्या रूपात सुरू झालेली ‘मॅप्लिन’ ही सुट्या भागांची संस्था पुढे दोनशेहून अधिक दुकानांची साखळी बनली आणि २०१८ च्या फेब्रुवारी अखेरीस बंद पडण्याच्या मार्गाला लागली. पौंडाची घसरण, ग्राहकांचा हात आखडणे आणि पुरवठादारांचा पत-विमा काढून घेतला जाणे, अशी कारणे तिच्या चालकांनी दिली. ती खोटी नव्हती. पण तीच केबल इंटरनेटवर कितीतरी स्वस्त मिळते हे माहीत असलेला ग्राहक केवळ निकड असेल तेव्हाच तेथे जात होता, आणि निकड रोज नसते.

पत्त्यांचा लिलाव

५ फेब्रुवारी २०१५ रोजी ‘रेडिओ शॅक’ने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्या वेळी तिची सुमारे चार हजार दुकाने होती. त्यांतील सतराशेहून अधिक दुकाने ‘स्टँडर्ड जनरल’ या गुंतवणूक संस्थेने घेतली. दुकानांतला माल, फळ्या आणि खणांची कपाटे यांची विक्री झाल्यावर धनकोंचे लक्ष एका निराळ्या संपत्तीकडे गेले. ती होती ग्राहकांची यादी. काउंटरवर सेल किंवा वायर घेताना विचारलेली नावे आणि घरचे पत्ते, त्यानंतरच्या काळात गोळा झालेले ईमेल-पत्ते आणि खरेदीच्या नोंदी अशी कोट्यवधी ग्राहकांची माहिती संस्थेजवळ साठलेली होती. आपली यादी आपण विकत नाही, असे आश्वासन संस्थेने ग्राहकांना दिलेले होते. टेक्सासच्या महाअधिवक्त्यांनी त्यावर बोट ठेवून या विक्रीस हरकत घेतली आणि अन्य अनेक राज्ये त्यांना येऊन मिळाली.

मध्यस्थीनंतर तडजोड झाली. २०१५ च्या मे महिन्यात ‘रेडिओ शॅक’ हे नाव आणि ग्राहकांच्या माहितीचा मर्यादित भाग ‘स्टँडर्ड जनरल’शी संलग्न असलेल्या ‘जनरल वायरलेस’ला सुमारे दोन कोटी बासष्ट लाख डॉलरना विकण्यात आला. खरेदीदाराला केवळ अलीकडच्या दोन वर्षांतील ग्राहकांचे ईमेल-पत्ते आणि खरेदीविषयक थोड्या नोंदी मिळाल्या. उरलेली बहुतांश माहिती नष्ट करावयाची असे ठरले.